आमच्या शेततळ्याचं इंग्रजी

३ फेब्रुवारी

एसटीतून निवृत्त होऊन सहा महिने झाले. कंडक्टरकीत उभा जन्म गेला, त्यामुळे बोलायची सवय, आणि घरात ऐकायला कुणी नाही. सौ. लंकाबाई ऐकल्यासारखं करते. गोकुळ तेवढंही करत नाही. म्हणून बियाणांच्या दुकानातून फुकट आलेल्या या डायरीत लिहायचं ठरवलंय.

गोकुळ आमचा एकुलता मुलगा. एकतिशी ओलांडली. बी.एस्सी. झालाय, शेती झकास करतो, सुपारीचंही व्यसन नाही, फक्त तोंड उघडत नाही. मुलगी बघायला गेलो की पोहे संपवतो आणि बशीकडे बघत बसतो. मुलीकडचे विचारतात, "नोकरी कुठं?" आम्ही म्हणतो, "शेती." मग दुसऱ्या चहाचं नाव कुणी काढत नाही. घरी येताना मी गमतीजमती सांगत येतो, पण आतून तुटतं. आम्ही दोघं गेल्यावर हा पोरगा एवढ्या मोठ्या घरात कुणाशी बोलणार, या विचाराने घास गोड लागत नाही.

आज नारायणगावला प्रतिभाताईंच्या वधूवर केंद्रात गेलो. त्या म्हणाल्या, "रामदासभाऊ, बायोडाटा इंग्लिशमध्ये करा. पुण्याची स्थळं मराठी बायोडाटा उघडून बघत नाहीत." स्वतःच टाइप करायला बसल्या. घर झालं, विहीर झाली, ट्रॅक्टर झाला. शेततळं आलं तशा म्हणाल्या, "फार्म पाँड."

मी म्हटलं, थांबा. फार्म पाँड तर आमच्या डिंगोऱ्यात घरटी एक झालंय. स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांना एकच पाटी लावली तर पॅसेंजरने आपली गाडी ओळखायची कशी? चांगला शब्द घेऊन येतो, असं सांगून निघालो.

५ फेब्रुवारी

गोकुळचा शाळेतला शब्दकोश माळ्यावरून काढला. इंग्रज माणूस भलताच हौशी. नुसत्या साचलेल्या पाण्याला त्याने नावं तरी किती ठेवलीत! पाँड, पूल, लेक, टँक, लगून, मार्श, रिझर्व्हॉयर. त्यांच्याकडे बारा महिने पाऊस, म्हणून हे लाड. आपल्याकडे पाणी आहे की नाही एवढंच बघतात. पडल नावाचा एक शब्द सापडला. अर्थ, रस्त्यात साचलेलं चिखलपाण्याचं डबकं. हा आपल्या उपयोगाचा नाही, म्हणून त्यावर पेनाने आडवी काट मारली.

शेवटी 'प्रायव्हेट पूल' ठरवला. ऐकायला श्रीमंत वाटतो.

गोकुळ म्हणाला, "आण्णा, शेततळंच लिवा ना." आणि लगेच, "आन कांद्याला तळ्यातलं पानी सोडू नका. विहिरीचंच द्या." दोन वाक्यं एका दमात बोलला. म्हटलं चला, सुधारणा आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

पूल वाचून पिंपरीचं स्थळ घर बघायला आलं. आमच्याकडची रीत अशी की मुलीकडचे आधी विहिरीत खडा टाकतात. आवाज खोलातून आला की चेहरे खुलतात, मग घरात येऊन पाणी पितात. यांनी विहिरीकडे पाहिलंच नाही. मुलीच्या भावाने पिशवीतून टॉवेल आणि पोहायची चड्डी काढली आणि विचारलं, "पूल कुठंय?"

तळ्यावर नेलं. काळा प्लॅस्टिकचा कागद, हिरवंगार पाणी आणि काठावर आमची म्हैस. भावाने चड्डी परत पिशवीत घातली. मुलीची आई म्हणाली, "क्लोरीन टाकत नाही वाटतं."

गोकुळ मात्र भलत्याच गोष्टीला घाबरला होता. "पाव्हणं, क्लोरीन न्हाई टाकायचं, अजिबात न्हाई!" असं जवळजवळ ओरडला. एवढ्या वर्षांत कार्यक्रमात पहिल्यांदा बोलला आणि ते असं. स्थळ गेलं.

१० मार्च

टँक लिहून पाहिलं. भोसरीहून फोन आला, "किती लिटरचा आहे, आणि गच्चीवर आहे का?" मग लगून लिहिलं. प्रतिभाताईंना तो शब्द फार आवडला, पण एका गृहस्थांनी विचारलं, "तुम्ही मूळचे कोकणातले का? आम्हाला घाटावरचं स्थळ पाहिजे." शब्द वाढवावा तसं स्थळ लांब पळतंय.

१८ मार्च

आज शास्त्रीय काम केलं. मोबाइलवर वाचलं की ज्या पाण्यात उजेड तळापर्यंत पोचतो तो पाँड आणि जिथं पोचत नाही तो लेक. म्हणजे हा प्रश्न घरच्या घरी सुटण्यासारखा आहे. लंकाबाईचं स्टीलचं ताट दोरीला बांधून तळ्यात सोडलं. हातभर खाली गेलं आणि दिसेनासं झालं. लेक!

ताट वर ओढताना दोरीला बारीक बारीक हिसके बसत होते. वाऱ्याने असणार. लंकाबाईने ताट हातात घेतलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि राखेने घासायला बसली.

आमचे शेजारी गेणभाऊ बांधावरून सगळं बघत होते. म्हणाले, "काय कंडक्टर, ताटाला अंघूळ का?" मी त्यांना उजेडाचा नियम समजावला. ते म्हणाले, "आमच्या घरात दुपारचाबी उजेड पोचत न्हाई. आमी काय लेकात ऱ्हातो व्हय?"

अडाण्याशी वाद घालायचा नाही असं ठरवलं. प्रतिभाताईंना फोन करून 'ओन लेक' लिहायला सांगितलं.

२ एप्रिल

गोकुळमध्ये फरक पडतोय. सकाळ-संध्याकाळ तळ्याच्या पूर्वेच्या बांधावर उभा राहतो आणि पोत्यातून मूठ मूठ काहीतरी पाण्यात फेकतो. शेवाळाचं औषध आहे म्हणाला. पोतं उलटं करून वापरतो, छापील बाजू आत. नीटनेटका पोरगा आहे.

शिवाय तळ्यात एक यंत्र बसवलंय, त्याने पाणी फसाफसा उडतं. मी काही न सांगता याने पाहुण्यांसाठी कारंजं केलं! मला भरून आलं. बायोडाट्यात 'विथ फाउंटन' घालायला सांगितलं.

बगळे मात्र फार वाढलेत. खंड्याही येऊन बसतो. सौंदर्य वाढलं की पाखरं येतातच.

आणखी एक. तो तळ्यावर बसून तास तास फोनवर बोलतो. आज चोरून ऐकलं, चक्क हसत होता. मोबाइल घरात राहिला तेव्हा वाजला, त्यावर नाव आलं 'सोनल बियाणं'. नवी कंपनी दिसते. माणसं फार गोड बोलणारी असावीत, आमच्या गोकुळला हसवतात म्हणजे.

११ एप्रिल

प्रतिभाताईंचा फोन. अवसरी बुद्रुकचं स्थळ आलंय, त्यांनी आपण होऊन विचारलंय! वडील बाळासाहेब, मिलिटरीतून रिटायर. मुलीचं नाव सोनल. गोकुळच्या बियाणं कंपनीचंही नाव सोनल, केवढा शुभशकुन! मी तसं बोलून दाखवलं तर लंकाबाईला जोराचा ठसका लागला.

मुलगी नोकरी करते, 'अ‍ॅक्वाकल्चर'मध्ये. शब्दकोशात नाही. अ‍ॅक्वा म्हणजे पाणी, कल्चर म्हणजे संस्कृती. पाण्याचे संस्कार शिकवत असणार, म्हणजे शिक्षिका. फोटो गोकुळपुढे ठेवला. एरवी तो फोटो उपडा करतो. आज म्हणाला, "बघा तुमी. तुमाला बरं वाटलं तर माझी काय ना न्हाई." कान लाल झाले होते.

बाळासाहेबांचा फोन मी स्वतः घेतला. भारदस्त माणूस. म्हणाले, "लेक बघायची लई विच्छा हाये. मुलीचे मामा कुशाबा, ते बघून हां म्हणले की झालं. आमच्यात मामाचा शब्द शेवटचा." दहा मेचा रविवार ठरला.

या वेळी हे जमलं पाहिजे.

२४ एप्रिल

लेक आटतोय. ऊन असं आहे की पाण्याची रेघ रोज खाली सरकते आणि कागदाचा काळा काठ वाढतो. विहीरही खाली गेली. पाटाला पाण्याचं आवर्तन सुटलं की विहिरी चढतात, पण आवर्तन कधी, ते कुणी सांगेना. मी पाहुण्यांना लेक आणि कारंजं सांगून बसलोय, आणि दहा तारखेला त्यांना काय दाखवू, चिखल?

गोकुळची तर अवस्था बघवत नाही. दिवसातून दहा वेळा पाण्यात काठी घालून बघतो. दुपारी त्याचे डोळे भरून आले होते. "आण्णा, पानी तापलं तर सगळं मरंल," म्हणाला. लग्नाची एवढी ओढ असेल असं वाटलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "काही मरत नाही. पाहुणे येईपर्यंत मी तळं भरून दाखवतो." त्याने माझा हात घट्ट धरला. लहानपणी जत्रेत धरायचा तसा.

३० एप्रिल

आवर्तन नाही. लाज बाजूला ठेवून गेणभाऊंकडे गेलो. त्यांचा कांदा निघालाय आणि विहिरीला पाणी आहे. म्हटलं, "भाऊ, पोराच्या लग्नाचा प्रश्न आहे, तुमच्या मोटारीचं पाणी आमच्या तळ्यात सोडा."

गेणभाऊंनी खूप वेळ तंबाखू मळली. मग म्हणाले, "सोडतो. पण पाव्हण्यांसंगं मी पयल्या रांगंत बसनार. आन ते लेक का काय त्यात निम्मं माझं पानी हाये, ह्ये तू चारचौघांत सांगायचं." कबूल केलं. या आठवड्यात मोटारीला लाइट दिवसाची आहे, तेवढं नशीब.

६ मे

पाइप जोडल्यापासून पाणी चढतंय. गोकुळ तळ्याचा काठ सोडत नाही, जेवणही तिथंच. आज काठावर पाटी लावली, 'लेक व्ह्यू', निळ्या रंगात. शेजारी एक बाक टाकला. म्हशीला पाहुणे जाईपर्यंत मागच्या वावरात बांधायचं. लंकाबाई पाटी बघून म्हणाली, "अहो, एवढा खटाटोप कशाला? पोरगी पानी बघून न्हाई येत, मानूस बघून येते." बायकांना व्यवहार कळत नाही.

मी तिला विचारलं, रोज उरलेला भाकरीचा चुरा घेऊन तू तळ्यावर का जातेस? म्हणाली, "बगळ्यांना." मोठ्या मनाची आहे.

१० मे, रविवार

घडलं ते घडलं तसं लिहितो.

पाहुणे चारच्या सुमाराला आले. बाळासाहेब, त्यांच्या सौभाग्यवती, मुलगी सोनल आणि मामा कुशाबा. मामा पांढरी टोपी, जाड मिशी आणि हसायचं नाव नाही. मुलगी हसतमुख. लंकाबाईने तिला "ये गं," म्हटलं ते जरा जास्तच ओळखीचं वाटलं. म्हैस लांबून हंबरली तर मुलगी म्हणाली, "आज तिला तिकडं बांधलं का?" तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पण माझं डोकंही लेकच म्हणायचं, उजेड तळापर्यंत पोचत नाही.

चहा झाला. मामा म्हणाले, "इहीर बगितली. आता लेक दावा." सगळे तळ्यावर गेलो. पाणी काठोकाठ, कारंजं चालू. गेणभाऊ पहिल्या रांगेत. मी ठरल्याप्रमाणे निम्म्या पाण्याचं श्रेय त्यांना दिलं.

मामा पूर्वेच्या बांधावर गेले, गोकुळ रोज उभा राहतो नेमके तिथं. "लेक म्हंजी खोल पायजे. बघू द्या," म्हणाले, वाकून मूठभर खडे उचलले आणि पाण्यात फेकले.

पाणी उकळल्यासारखं झालं. शेकड्याने तोंडं वर आली, उघडी, गोल. शेपट्यांनी फटाफट पाणी उडालं, मामांच्या धोतरावर आणि मिशीवर. मामा "आगागा!" करत मागे सरले आणि माझ्या बाकावर बसले. गेणभाऊ ओरडले, "कंडक्टर, तुझा लेक भुकेला हाये!"

मासे! माझ्या तळ्यात मासे! मी गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस, अंड्याच्या गाड्याजवळून जाताना नाक दाबणारा.

मग माझ्या लक्षात आलं की माशांकडे कुणी बघतच नाही. सगळे माझ्या माळेकडे बघत होते.

मला राग आला. डायरीत खोटं कशाला लिहू? लंकाबाईला माहीत, बाळासाहेबांना माहीत, सोनलला तर सगळंच माहीत. बगळ्यांनासुद्धा माहीत! मामा आणि मी, आम्ही दोघंच तेवढे बाहेरगावचे. मी गोकुळकडे वळलो, चार शब्द सुनावायला. तर हा पोरगा खाली बघत नव्हता. सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता.

म्हणाला, "आण्णा, रोहू आन कटला हायेत. सोनलनीच माशांचं बियाणं दिलं. तुमाला रोज सांगायचं ठरवायचो. तुमच्या माळंला भ्यालो."

बाळासाहेबांनी हात जोडले. "पावणं, आमाला सगळं पसंत हाये. पण तुमच्या देवाधर्माला बाधा आनून आमाला पोरगी द्यायची न्हाई. तुमी न्हाई म्हणला तर आमी राग धरनार न्हाई."

म्हणजे बघा. इतकी वर्षं नकार ऐकायची धास्ती, आणि आज नकार द्यायचा तो मीच! कारंजं आपलं फसफसत होतं, आणि ते कारंजं नाही, माशांना हवा पुरवायचं यंत्र आहे, हेही मला तिथंच समजलं.

मग सोनल पुढे आली. "काका, मी मागच्या मे महिन्यात पहिल्यांदा इथं माप घ्यायला आले, तेव्हा तुम्ही ड्युटीवर होता. तेव्हा हे डबकं होतं. म्हशीचे खूर बुडतील एवढंच पाणी. मी म्हटलं, यात काय मासे होणार? तर हे म्हणाले, 'पाऊस झाला की तळं व्हईल.' आणि त्या डबक्यातल्या बेडक्या बादलीत भरून विहिरीत नेऊन सोडत होते, उन्हाने मरतील म्हणून. माझं तेव्हाच ठरलं. घरी सांगायला वर्ष लागलं."

कोण म्हणतं माझा पोरगा बोलत नाही? योग्य ठिकाणी बोलला की.

मला एकदम कल्याणची गाडी आठवली. माळशेज चढून यायची, आणि कल्याणला हमखास सुक्या बोंबलाच्या पाट्या चढायच्या. माळ तेव्हाही गळ्यात होती. पण मी कधी कुणाची पाटी उतरवली नाही. लगेजचं तिकीट फाडलं, खिडकी उघडली आणि गाडी सोडली. पाटीवाल्या बाईला घर गाठायचं असायचं, माझ्या नाकासाठी तिला रस्त्यात ठेवायची का?

मी हे सगळं मोठ्याने सांगितलं. म्हटलं, "मासा मी शिवणार नाही आणि माझ्या चुलीवर शिजणार नाही. बाकी गाडीत जागा आहे." आणि दोरी ओढल्यासारखा हात वर करून म्हटलं, "टिंग टिंग."

डबल बेल म्हणजे काय, हे मामांना बरोबर समजलं. मिशीवरचं पाणी पुसत म्हणाले, "जाऊ द्या मग!" लंकाबाई पदराने डोळे टिपत साखर आणायला पळाली.

११ मे

गोकुळ सकाळी साखरपुड्याच्या खरेदीला मंचरला गेला. मुलगीही तिथंच येणार आहे. जाताना म्हणाला, "आण्णा, तेवढं खाद्य टाका त्यांना." पोतं आता सुलटं ठेवलंय, त्यावर हा एवढा मोठा मासा छापलाय. मी वाटीने टाकलं, हात न लावता. सगळे वर आले, तोंड उघडून माझ्याकडे बघायला लागले. तिकिटासाठी गर्दी करावी तसे. मी त्यांना रांगेत यायला सांगितलं. ऐकत नाहीत.

प्रतिभाताईंचा फोन आला, आता बायोडाट्यातून 'लेक' काढायचं का. म्हटलं, अख्खा बायोडाटाच काढा. 'लेक व्ह्यू'ची पाटी गेणभाऊंनी मागून नेली, त्यांच्या विहिरीवर लावणार आहेत.

दुपारी शब्दकोश परत माळ्यावर ठेवायला घेतला. तीन महिने मी त्या तळ्याला मोठी मोठी नावं शोधत हिंडलो, शेजाऱ्याची विहीर उपसून सरोवर भरलं, आणि पोरीने होकार डबक्यालाच देऊन टाकला होता. काट मारलेलं पान काढलं. पेनाची रेघ, पुसली जाईना. मग त्या शब्दाच्या बाजूला समासात मराठी अर्थ नव्याने लिहून ठेवला.

पडल: जिथं आमच्या गोकुळचं लग्न ठरलं ते पाणी.